धुऊन वापरायचा एअर फिल्टर पर्यावरणाला खरंच चांगला का? आमच्या ट्रॅक्टरचा हिशेब

मागच्या सोयाबीन हंगामानंतर आमच्या नव्या ट्रॅक्टरचं इंजिन काम निघालं. ट्रॅक्टर जेमतेम अठराशे तास चाललेला. आधी सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला, मग दर आठवड्याला इंजिन ऑइल कमी भरायला लागलं, आणि शेवटी चढावर ट्रॉली ओढेना. मिस्त्रीनं हेड उघडायच्या आधीच फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढला, आतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर काळ्या मातीचा फुफाटा होता.

"फिल्टरच्या अलीकडं धूळ असणारच, दादा. ही पलीकडची हाय."

कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्या घरी, मानवत तालुक्यात, दोन ट्रॅक्टर आहेत. जुन्याला ऑइल बाथ फिल्टर, म्हणजे तेलाच्या वाटीचा. त्याची जाळी काका वीसेक वर्षं डिझेलमध्ये धुऊन परत बसवतायत. नव्याला कागदी फिल्टर आला. काकांनी तोही डिझेलमध्ये धुतला, उन्हात वाळवला आणि बसवला. एकदा नाही, चार-पाच वेळा. "धुतल्यावर नव्यासारखा दिसायचा की रे," ते म्हणाले. त्यांना दोष देववत नाही. वीस वर्षं एकही फिल्टर विकत न घेता आणि एकही उकिरड्यावर न टाकता त्यांनी ट्रॅक्टर चालवला. पर्यावरणाच्या पुस्तकात जे 'पुनर्वापर' म्हणून शिकवतात, ते ते आधीपासून करत होते.

मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनचं मला तेवढंच कळतं जेवढं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला पास होण्यापुरतं लागतं. पण या प्रकरणानंतर दोन्ही ट्रॅक्टरची मॅन्युअलं वाचली, मिस्त्रीला भरपूर त्रास दिला आणि एक स्प्रेडशीट बनवली. 'धुऊन परत वापरता येणारा फिल्टर म्हणजे पर्यावरणाला चांगला' हे वाक्य हल्ली प्रत्येक फिल्टरच्या खोक्यावर असतं. ते कितपत खरं आहे, हे बघायचं होतं.

इंजिन किती हवा खातं?

डिझेल इंजिनाचं खरं खाद्य डिझेल नाही, हवा आहे. ३५-४० एचपीचं, अडीच लीटर क्षमतेचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या. ते मिनिटाला २,००० फेरे घेतं तेव्हा दर दोन फेऱ्यांना एकदा अडीच लीटर हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला २,५०० लीटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून २,००० धरू. तासाला झाली १ लाख २० हजार लीटर, म्हणजे १२० घनमीटर हवा.

आता हा ट्रॅक्टर हडंब्याला जोडलाय आणि सोयाबीनची रास चालू आहे असं समजा. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, गुळी आणि मातीचा असा लोट उठतो की तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय उभं राहवत नाही. दहा-पंधरा फुटांवरचं दिसेनासं होईल अशा धुळीत घनमीटरला एक ग्रॅमच्या आसपास धूळ असू शकते. आपण त्याच्या निम्मी धरू, अर्धा ग्रॅम. तासाला ६० ग्रॅम, आठ तासांत ४८० ग्रॅम. जवळजवळ अर्धा किलो माती एका दिवसात इंजिनाच्या नाकापर्यंत जाते.

फिल्टरनं ९८ टक्के धूळ अडवली तर ऐकायला छान वाटतं, पण उरलेले २ टक्के म्हणजे त्या दिवशी साडेनऊ ग्रॅम, साधारण दोन चमचे, सिलिंडरमध्ये. ९९.९ टक्के अडवली तर अर्धा ग्रॅम. टक्केवारीत फरक दोनाचाही नाही, इंजिनाला मिळणाऱ्या धुळीत मात्र वीस पट. फिल्टरची तुलना करताना तो किती अडवतो हे न बघता किती सोडतो हे बघायचं, हे मला यातून कळलं.

ही धूळ काही मऊ पीठ नसते. आपली काळी माती चिकणमातीची असली तरी तिच्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, बारीक कण असतात आणि ते लोखंडाला घासतात. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, काही मायक्रॉनचा. त्या थराएवढ्या किंवा थोड्या मोठ्या आकाराचे कण सगळ्यात जास्त नुकसान करतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

तेलाची वाटी आणि कागदाच्या घड्या

ऑइल बाथची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ट्रॅक्टर-ट्रकांवरही हेच असायचं. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आदळते आणि एकदम उलटी वर वळते. हवेला वळता येतं, मातीच्या जड कणाला तेवढ्या पटकन वळता येत नाही, म्हणून तो सरळ तेलात जातो. बैलगाडी वळणावर जोरात वळली की मागचं पोतं सरळ उडतं, तसंच. सोबत थोडं तेल तुषारासारखं वर उडून तारेच्या जाळीला लागतं, उरलेली धूळ त्या ओल्या जाळीला चिकटते आणि तेलाबरोबर ठिबकत परत वाटीत येते. फेकण्यासारखा एकही भाग नाही. जाळी धुवायची, वाटीतला गाळ काढायचा, नवं तेल खुणेपर्यंत भरायचं.

पण याचं काम हवेच्या वेगावर चालतं. इंजिन सावकाश फिरत असेल तर हवा तेलावर हळू आदळते आणि बारीक कण निसटतात. एकूण हा प्रकार साधारण ९५ ते ९८ टक्क्यांपर्यंत जातो. तेल खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, कमी भरलं तर धूळ अडत नाही.

कागदी फिल्टर वेगळ्या तत्त्वावर चालतो. रेझिन लावलेल्या कागदाच्या शेकडो घड्या घालून त्याची नळी केलेली असते आणि टोकांना रबर किंवा फोमची सील. मोठे कण धाग्यांवर आदळतात, मधले घासून जाताना अडकतात, अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटत कुठल्यातरी धाग्याला चिकटतात. चांगला कागदी फिल्टर ९९.५ टक्क्यांच्या पुढे जातो. आणि गंमत म्हणजे, थोडा वापरल्यावर तो नव्यापेक्षा चांगलं काम करतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा थर स्वतःच गाळणीचं काम करू लागतो. रोज संध्याकाळी फिल्टर काढून टायरवर आपटून झटकायची जी सवय आहे, ती म्हणूनच उलटी पडते. आपण चांगली झालेली गाळणी दर दिवशी मोडतो, शिवाय आपटून घड्या वाकवतो.

हा कागद डिझेलनं किंवा पाण्यानं भिजवला की धागे फुगतात, वाळताना आकसतात, घड्या एकमेकींना चिकटतात आणि टोकाचा गोंद सुटतो. डिझेलनं रबरी सीलही फुगते. पंक्चरच्या दुकानातली शंभर-सव्वाशे पीएसआयची हवा जवळून मारली तर कागदाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. आमच्या फिल्टरमध्ये मिस्त्रीनं अंधाऱ्या शेडमध्ये आतून बल्ब धरला तेव्हा दोन घड्यांच्या तळाशी उजेडाचे ठिपके दिसले. आमचं इंजिन त्या ठिपक्यांनी खाल्लं होतं.

मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचल्यावर जास्त वाईट वाटलं. बाहेरचा फिल्टर मर्यादित वेळा साफ करता येतो, साधारण पाच-सहा वेळा: ३० पीएसआयपेक्षा कमी दाबाची कोरडी हवा, आतून बाहेरच्या दिशेने, आणि तेही पॅनेलवरचा इंडिकेटर लाल झाल्यावरच. आतला छोटा, सुरक्षेचा फिल्टर कधीच साफ करायचा नाही, फक्त बदलायचा. म्हणजे कागदी फिल्टरही काही प्रमाणात परत वापरता येतोच. फक्त धुता येत नाही.

कचऱ्याचा हिशेब

आता मूळ प्रश्न. ट्रॅक्टर वर्षाला ६०० तास चालतो असं धरलं.

कागदी प्रकारात वर्षाला बाहेरचे दोन आणि आतला एक फिल्टर लागतो. सगळं मिळून दीड-दोन किलो कचरा: कागद, पत्रा, फोम, रबर. याचं पुढे काही होत नाही. पत्रा भंगारवाला घेतो, बाकी बांधावर जळतं. दहा वर्षांत वीसेक किलो.

ऑइल बाथमध्ये फेकायला फिल्टर नाही, म्हणून काका म्हणायचे, "याला खर्चच नाही." पण त्या वाटीत पाऊण लीटर तेल बसतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं असतं, राशीच्या दिवसांत त्याच्या कितीतरी आधी. ६०० तासांना १२ वेळा, म्हणजे ९ लीटर. दहा वर्षांत ९० लीटर काळं तेल, वर जाळी धुतलेलं डिझेल वेगळंच. हे तेल कुठे गेलं असं मी काकांना विचारलं. थोडं नांगराला आणि खांबांना लावलं, थोडं सेंट्रिंगवाल्यांनी फळ्यांना लावायला नेलं. आणि बाकी? गोठ्यामागे ओतलं.

वीस वर्षं, एकाच जागी. तिथून आमची विहीर फार लांब नाही.

वापरलेलं तेल हे आपल्याकडे २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं. अमेरिकेची पर्यावरण संस्था नेहमी एक आकडा सांगते: कारच्या एका ऑइल चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. आणि काळ्या रानाची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळ्यात मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून ओतलेलं मातीत हळूहळू मुरत वगैरे नाही, पहिल्या पावसाबरोबर भेगांतून सरळ खाली जातं.

म्हणजे ज्या फिल्टरला आम्ही 'फेकावा न लागणारा' म्हणत होतो, तो फेकत होताच. फक्त त्याचा कचरा द्रवरूप असल्यामुळे ढीग दिसत नव्हता. कागदाचे वीस किलो डोळ्यांत खुपतात, नव्वद लीटर तेल जमीन पिऊन टाकते. हिशेब केल्यावर मला तरी या दोघांत कागद परवडला.

पण खरा मोठा आकडा वेगळाच निघाला

ट्रॅक्टर तासाला ४ लीटर डिझेल पितो असं धरलं तर वर्षाला २,४०० लीटर. एक लीटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चोंदलेल्या फिल्टरमुळे समजा फक्त २ टक्के डिझेल जास्त जळलं, तर ते ४८ लीटर आणि जवळपास १३० किलो कार्बन डायऑक्साइड. एक किलो पोलाद बनवताना दोन-अडीच किलो निघतो, म्हणजे एक-दीड किलोच्या कागदी फिल्टरमागे फार तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे किलो. चोंदलेला फिल्टर वाचवायला म्हणून एक वर्ष तसाच चालवला, तर फिल्टर वाचवण्याच्या कितीतरी पट आपण सायलेन्सरमधून सोडतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. 'आमचा फिल्टर लावा, मायलेज वाढवा' हा दावा आजच्या बहुतेक कारना लागू नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून कार तपासल्या. कॉम्प्युटर-नियंत्रित पेट्रोल इंजिनांच्या मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, फक्त पिकअप कमी झाला. कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर इंधनही कमी करतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फरक दिसला. आपले टर्बो नसलेले, साध्या मेकॅनिकल पंपाचे ट्रॅक्टर या दुसऱ्या गटाच्या जवळचे. त्यांच्या पंपाला हवा किती आली ते कळतच नाही, तो आपला लोड बघून डिझेल सोडत राहतो. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे नियम लागू झाले, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलंय. पण आमच्या गावात तेवढा मोठा ट्रॅक्टर क्वचितच दिसतो.

आणि इंजिन झिजण्याचा हिशेब तर याच्याही वर. लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, ताजं तेल, लेथवरचं काम, आणि हे सगळं होईपर्यंतचे कित्येक महिने निळा धूर काढत, तेल जाळत चाललेला ट्रॅक्टर. पर्यावरणाच्या दृष्टीनं एअर फिल्टरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते लोखंड वेळेआधी वितळवायला जाऊ न देणं. त्यासाठी एखादा कागदी फिल्टर फेकावा लागला तर लागला.

मग धुता येणारं काही घ्यायचंच नाही का?

घ्यायचं, पण जिथे ते त्यासाठीच बनलंय तिथे. कूलर-एसीची नायलॉनची जाळी आणि डेस्कटॉपच्या कॅबिनेटची जाळी साध्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, परत लावा. यात वाया काहीच जात नाही. (परभणीतल्या ४२-४३ अंशांत धुळीनं भरलेल्या सीपीयूचा पंखा कसा किंचाळतो ते मी घरून काम करताना ऐकलंय.) काही मोटारसायकलींना फोमचा फिल्टर असतो, तो धुऊन, पिळून, हलकं तेल लावून वापरता येतो. पण अनेक नव्या बाईकना चिकट तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. तो दिसायला काळपट आणि ओलसर, त्यामुळे 'घाण झालाय' म्हणून धुतला जातो किंवा त्यावर हवा मारली जाते, आणि संपतो.

कापसाच्या जिल्ह्यातला म्हणून मला सुती फिल्टरचं कौतुक वाटलं. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये तेल लावलेले सुती कापडाचे थर. कॅलिफोर्नियातल्या के अँड एन कंपनीनं १९६९ पासून हे प्रसिद्ध केलं. धुऊन वर्षानुवर्षं चालतो. तरी राशीच्या धुळीत मी तो ट्रॅक्टरला लावणार नाही. हा प्रकार जास्त हवा यावी म्हणून बनलाय, आपल्याला कमी धूळ जावी असं हवंय. आणि धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते पुढे सेन्सरवर जाऊन बसतं ही तक्रार कारवाल्यांमध्ये जुनीच आहे.

ट्रॅक्टरवरचा खरा पुनर्वापराचा भाग म्हणजे बॉनेटच्या वर दिसणारा प्री-क्लीनर, ती टोपी किंवा पारदर्शक वाटी. त्यात हवा गोल फिरते, जड धूळ बाहेर फेकली जाते. ना तेल, ना कागद, ना खर्च. दिवसातून दोनदा वाटी रिकामी करायची. मुख्य फिल्टरपर्यंत जाणारी जाड धूळ इथेच कमी होते, म्हणून पुढचा कागद किंवा तेल जास्त दिवस टिकतं. आमच्या नव्या ट्रॅक्टरची ही वाटी फुटली होती आणि कुणी बदलली नव्हती. तसाच दुसरा भाग, फिल्टरच्या डब्याखाली बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती रोज दाबून धूळ काढायची. ती फाटली की डबा तिथूनच धूळ ओढतो. आणि फुकटातला उपाय म्हणजे रास करताना हवा कुठून येतेय ते बघून ट्रॅक्टर वाऱ्याच्या बाजूला उभा करणं. लोट पुढे जाऊ दे.

ज्यांच्याकडे ऑइल बाथ आहे त्यांनी तो काढून टाकावा असं माझं म्हणणं नाही. चांगला सांभाळला तर तो पुढची वीस वर्षंही चालेल. आम्ही आता जाळी परातीत धुतो. धुतलेलं डिझेल कॅनमध्ये रात्रभर ठेवलं की माती तळाला बसते, वरचं नितळ डिझेल पुढच्या धुण्याला चालतं. गाळ आणि वाटीतलं तेल वेगळ्या कॅनमध्ये. नव्या ट्रॅक्टरच्या फिल्टरच्या डब्यावर ऑइल पेंटनं तास लिहिलेत: आतला कधी बदलला, बाहेरचा कितीदा साफ केला. काकांनी स्वतः लिहिलंय, माझ्या स्प्रेडशीटवर त्यांचा विश्वास नाही.

राहता राहिलं ते काळं तेल. तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं तेल परत गोळा करून त्याचं पुनर्शुद्धीकरण होईल हे बघण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून टाकलेली आहे. ती साखळी अजून आमच्या गावापर्यंत आलेली नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले गोळा करणारे असतात, पण ते मोठ्या वर्कशॉपकडे जातात, गोठ्याकडे नाही. परभणीच्या एका वर्कशॉपवाल्याला विचारलं, तर म्हणाला आमच्याकडे गाडी येते तेव्हा फोन करतो, घेऊन या. सध्या वीस लीटरचा कॅन गोठ्यामागे झाकण लावून उभा आहे, अर्ध्याच्या वर भरलाय.